खारपाणपट्ट्यातले खलाशी

सुरतेजवळच्या हजिऱ्याहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ५३ धुळे, जळगाव, अकोला करत अमरावतीला येतो आणि पुढे नागपूर, रायपूर, संबलपूर करत ओडिशात पारादीपला जाऊन थांबतो. एका टोकाला अरबी समुद्र, दुसऱ्या टोकाला बंगालचा उपसागर, आणि आम्ही मधे. इतके मधे, की वारा कोणत्याही बाजूने आला तरी त्यातलं मीठ वाटेतच संपलेलं असतं. याच रस्त्यावर अमरावती ते अकोला पट्ट्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबराचा थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. समुद्राकडे जाणारा रस्ता आमच्याकडे विक्रमी वेगाने होतो. त्यावरून समुद्रापर्यंत जायला मात्र माणसाच्या दोन-तीन पिढ्या लागतात.

पावसाचं तसं नाही. अमरावती शहरात पडलेलं पाणी पेढी नदीत उतरतं, पेढीतून पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि सुरतेपुढे समुद्रात. तिकडे वरूड-मोर्शीकडचं पाणी वर्धा नदी गोळा करते आणि प्राणहिता-गोदावरीच्या वाटेने पूर्वेच्या समुद्राला नेऊन घालते. एका जिल्ह्याचा पाऊस दोन समुद्रांना जातो, तोही दरवर्षी, आणि बिनातिकीट.

बोटीत बसलेली माणसंही आमच्याकडे झाली नाहीत असं नाही. दादासाहेब खापर्डे लोकमान्यांच्या शिक्षेविरुद्धचं अपील घेऊन १९०८ साली विलायतेला गेले. पापळसारख्या खेड्यातले पंजाबराव देशमुख पुढे तिकडे शिकायला गेले आणि बॅरिस्टर, डॉक्टर होऊन आले. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी १९३६ च्या ऑलिम्पिकच्या वेळी बर्लिनला जाऊन कबड्डी दाखवली. पण ही सगळी माणसं कामाला गेली. कोणी खटल्यासाठी, कोणी पदवीसाठी, कोणी देशाची ताकद दाखवायला. नुसतंच बोटीत बसायचं, खायचं, झोपायचं, एखादं बेट पाहायचं आणि परत यायचं, यासाठी आमच्या गावातून सहकुटुंब कोणी निघाल्याचं माझ्या तरी कानावर नाही. ती कामगिरी आमच्या घराण्याकडे आली.

आली ती मोबाइलवरून. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले, त्यांचे किनाऱ्यावरचे फोटो देशभर फिरले आणि ते निळंशार पाणी आमच्या घरच्या ग्रुपवरही येऊन ठेपलं. या ग्रुपवर एरवी सुप्रभात आणि हरभऱ्याचे भाव यापलीकडे काही येत नाही. फोटोखाली माझ्या मुलीने लिहिलं, ‘आपण जाऊ या?’ त्यावर माझ्या वडिलांनी जोडलेले हात पाठवले. ते प्रत्येक गोष्टीवर जोडलेलेच हात पाठवतात. वाढदिवस असो की निधन. मुलीने तो होकार धरला. माझ्या मते तो नमस्कार होता. घरात याबाबत अजून एकमत नाही, पण तोवर आत्याने अकोल्याहून ‘मी पण’ असं कळवून टाकलं होतं आणि दर्यापूरच्या मामांनी ‘कधी?’ असं विचारलं होतं. आमच्याकडे ‘कधी?’ विचारलं की बेत पक्का झाला असं समजतात.

मधे एकदा अंदमानचं नाव निघालं. आईने ते तिथल्या तिथे खोडलं. “काया पान्याले लोकायले बेड्या घालून नेत होते. आपण कायले पैसे देऊन जा लागते?” सावरकरांची कोठडी पाहणं हा वेगळा भाग, असं मी म्हणून पाहिलं. आई म्हणाली, “थे पायाले इमानानं जाईन. बोटीनं नाई.” गोव्याचं नाव मामांनी काढलं होतं, पण गोव्याला तर ट्रॅव्हल्सही जाते, मग बोटीचं कौतुक काय राहिलं, म्हणून तेही मागे पडलं. लक्षद्वीप उरलं.

मग माहिती गोळा करणं सुरू झालं, आणि हा भाग मला स्वतःला फार आवडला. प्रवासात जे मिळतं त्याहून बरंच जास्त प्रवासाच्या आधी मिळतं, आणि त्याला भाडं पडत नाही. छत्तीस बेटं, त्यातल्या दहांवर वस्ती, सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत सगळ्या लक्षद्वीपची लोकसंख्या ६४ हजारांच्या घरात, म्हणजे एकट्या अमरावती शहराचा दहावा हिस्सा. आपल्याच देशातल्या या बेटांवर जायला आपल्यालाच परवाना लागतो. १९६७ चा नियम आहे, आणि एवढ्याशा जमिनीवर कोण उतरतं ते पाहिलंच पाहिजे, हेही पटण्यासारखं आहे. बोली मल्याळी वळणाची, मिनिकॉयला वेगळीच महल भाषा. आणि बंगारामचा अपवाद सोडला तर सगळीकडे दारूबंदी. ही शेवटची माहिती ग्रुपवर पडल्यावर मामांनी दोन दिवस काहीच लिहिलं नाही.

राजकमल चौकाजवळ एका ट्रॅव्हल एजंटाचं ऑफिस आहे. तिथे मी वडिलांना घेऊन गेलो, किंवा वडील मला. एजंट म्हणजे चोवीस-पंचवीसचा मुलगा, गळ्यात टाय, मागे भिंतीवर बर्फाचे डोंगर. त्याने जहाजाची रंगीत पुस्तिका पुढे ठेवली. मुंबईहून सुटणारं कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’. फ्रान्समध्ये सेंट नाझेरच्या गोदीत १९९० साली बांधलेलं, दोनशे दहा मीटर लांब, अकरा मजले, आणि आपल्याकडे सप्टेंबर २०२१ पासून आयआरसीटीसीच्या सोबतीने सुरू झालेलं. मला वाटलं, जहाजाचं वय ऐकून वडील हात आखडता घेतील. पण ते म्हणाले, “जुनं हाय म्हंजे तपासेल हाय.” रेल्वेचं तिकीट देणाऱ्यांचं नाव जोडलेलं होतं, त्याचाही त्यांच्या मनावर चांगला परिणाम झाला.

मग खोल्यांचे प्रकार. आतली खोली, म्हणजे खिडकी नाही. समुद्र दिसणारी खोली, म्हणजे खिडकी आहे पण उघडत नाही. बाल्कनीची खोली, म्हणजे बाहेर दोन खुर्च्या. प्रत्येक पायरीला भाडं चढत जातं. वडिलांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि एक हिशेब मांडला, ज्याला एजंटाकडे उत्तर नव्हतं. रात्री पडदा लावूनच झोपायचं, दिवसा खोलीत थांबायचं नाही, मग खिडकीचे पैसे कोणत्या वेळेचे? शिवाय त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की जहाज हलतं ते टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त. खालच्या मजल्यावर, मधोमध हलणं सर्वांत कमी. हे खरंच आहे. ज्याला बोट लागण्याची भीती आहे त्याने तिथलीच खोली मागावी. आणि सगळ्यात स्वस्त खोल्यांतल्या बऱ्याच नेमक्या तिथेच असतात. शहाणपणा आणि काटकसर एकाच मजल्यावर सापडल्यामुळे वडील प्रसन्न झाले.

भाड्याचा आकडा त्यांनी माझ्यासमोर उच्चारला नाही. त्यांनी त्याचे क्विंटल केले. शेती करणाऱ्या घरात मोठ्या रकमेचा अंदाज याच मापाने येतो. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामाला क्विंटलमागे ४८९२ रुपये होता. बाजार समितीत हातात किती पडले ते ज्याचं त्याला माहीत. म्हणून वडिलांनी दोन हिशेब केले, एक सरकारी भावाचा आणि एक खरा. सरकारी भावाने आम्ही बाल्कनीत बसू शकत होतो. खऱ्या भावाने खिडकी नसलेली खोली आली.

तारखेवर मात्र पंधरा दिवस गेले. पावसाळ्यात तो समुद्र खवळलेला, तेव्हा प्रश्नच नाही. जहाजांचा मोसम साधारण ऑक्टोबर ते मे. तो ऐकून एजंट म्हणाला, “म्हणजे आठ महिने आहेत काका, कधीही जा!” त्याच्या घरी वावर नसावं. ऑक्टोबरात सोयाबीन सोंगायला येतं आणि मळणीयंत्रासाठी नंबर लावावा लागतो. मग दिवाळी. नोव्हेंबरात कापसाची वेचणी, आणि वेचणीला बाया मिळतात त्या दिवशी मालक गावात नसेल तर त्या दुसऱ्याच्या वावरात जातात, त्यात त्यांची काही चूक नाही. डिसेंबरात वरूडकडच्या साडूची संत्र्याची तोड; तो नाही तर त्याची बायको नाही, आणि ती नाही तर माझी बायको बोटीत बोलणार कोणाशी? जानेवारीत तूर. फेब्रुवारीत हरभरा, मार्चमध्ये परीक्षा. एप्रिल-मे म्हणजे लग्नं, आणि वऱ्हाडात लग्नाला न जाण्याचं कारण म्हणून ‘समुद्रात होतो’ हे अजून कोणी मान्य केलेलं नाही. असं करत करत जानेवारी अखेरचे चार-पाच दिवस सापडले. तूर घरात आलेली, हरभरा घाट्यावर, परीक्षा लांब. दिनदर्शिकेवर त्या दिवसांभोवती मुलीने निळ्या पेनाने गोल काढला. त्याच चौकटीत आईने आधीच ‘गॅस’ असं लिहिलेलं होतं.

एवढं सगळं होऊनही वडिलांनी पैसे भरले नव्हते. एजंटाकडची ही आमची शेवटची खेप असावी असं त्या मुलालाही वाटत असणार, कारण त्याने चहा मागवला. काही शंका आहे का, काका?

“बोटीत पाणी रोज येते का?”

एजंटाला वाटलं काका गंमत करतात. वडील गंमत करत नव्हते. त्यांचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. वर सोन्यासारखी काळी जमीन आणि खाली खारं पाणी. विहीर खणली तर पाणी लागतं, पण तोंडात घालवत नाही, वरण शिजत नाही, आणि पिकाला दिलं तर जमीन पांढरी पडते. समुद्र पाचशे किलोमीटर लांब आणि विहिरीत मात्र तो आलेला. माझ्या आजीचा जन्म गोडं पाणी वाहण्यात गेला. पुढे शहानूर धरणाचं पाणी नळाने येऊ लागलं, कुठे आरओचे प्लांट बसले आणि लोक कॅन भरून विकत नेऊ लागले. अशा गावात वाढलेला माणूस कुठेही मुक्कामाला गेला तर आधी पाण्याचं विचारतो. लग्नासाठी स्थळ पाहायला गेले तेव्हाही त्यांनी तेच विचारलं होतं, असं आई सांगते.

एजंट म्हणाला, “चोवीस तास येतं काका. गरम पण, थंड पण.”

“कुठून?”

हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने मुंबईला फोन लावला. तिकडे एकाने दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. बाजूच्या खुर्चीत बसून वडील वाट पाहत होते, आणि मी बर्फाचे डोंगर पाहत होतो. शेवटी उत्तर आलं: अशी मोठी जहाजं समुद्राचंच पाणी उचलतात आणि आतल्या यंत्रांनी त्याचं गोडं पाणी करतात. कुठे वाफ करून, कुठे गाळून.

वडील काही बोलले नाहीत. सोबत आलेल्या मुलीने तोवर मोबाइलवर आणखी शोधलं होतं. लक्षद्वीपच्या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. पोवळ्यांच्या वाळूत पावसाचं गोडं पाणी मुरतं आणि खाली भरलेल्या खाऱ्या पाण्यावर हलकं म्हणून तरंगत राहतं. त्या पातळ थरातून विहिरीने जपून घ्यायचं. जास्त उपसलं की खारं वर चढतं. म्हणून कवरत्तीला २००५ मध्ये सरकारी शास्त्रज्ञांनी एक प्लांट उभा केला. वरचं कोमट पाणी कमी दाबात वाफ होतं, खोलवरून आणलेल्या गार पाण्याने त्या वाफेचं पुन्हा पाणी होतं, आणि दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी मिळतं. हे ती वाचत होती तेव्हा वडील खुर्चीत पुढे सरकून बसले होते. पोवळी, डॉल्फिन, स्कूबा यातल्या कशानेही ते पुढे सरकले नव्हते.

“म्हंजे त्यायच्याकडे पण खारपाणच हाय,” ते म्हणाले. “चाल, भर पैसे.”

त्यानंतर एक अडचण आली ती बेटावर उतरण्याची. आम्ही उतरणार ते बेट अगत्ती. त्याच्याभोवती पोवळ्यांचं कडं आहे आणि आतलं पाणी उथळ, त्यामुळे मोठं जहाज काठाला लागत नाही. ते बाहेर खोल पाण्यात उभं राहतं आणि माणसांना लहान बोटींतून नेतात. समुद्र फार हलत असला तर नेतही नाहीत. जहाजांच्या अटींत हे बारीक अक्षरात सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि मन मोठं ठेवूनच तिकीट काढायचं असतं. आत्याला फोनवर हे कसं समजवावं असा प्रश्न होता. वडिलांनीच समजावलं. “मोठी गाडी बडनेऱ्यालेच थांबते ना? मंग ॲटोनं अमरावतीत या लागते. तसंच.” आत्याला लगेच समजलं. बडनेरा ते अमरावती दहाएक किलोमीटर आहे. आख्खं अगत्ती बेट त्याहून आखूड, सातेक किलोमीटरचं.

आत्याची खरी अडचण वेगळी होती. जहाजांवर घरचं शिजवलेलं अन्न आत नेऊ देत नाहीत. जेवण तिकिटातच असतं, शाकाहारी, जैन, हवं ते, आणि कितीही. पण ‘कितीही’ या गोष्टीवर आत्याचा विश्वास नाही. तिने अकोल्याहून यादी पाठवली: सातूचं पीठ, दशम्या, जवसाची चटणी, ठेचा, तिळाचे लाडू, कच्चा चिवडा, मुंगवड्या. मुंगवड्या कशाला? “तिथं बाईले दिल्या तं भाजी करून नाई देनार का?” बायकोने हळूच सांगितलं की तिथे स्वयंपाक करणारे शंभरेक लोक असतील आणि त्यांच्यापैकी ‘बाई’ कोण ते शोधावं लागेल. आत्या म्हणाली, शोधू. शेवटी तडजोड निघाली. विमानाचा विचार एकदा झाला होता. १६ एप्रिल २०२५ पासून आमच्या बेलोरा विमानतळाहून मुंबईला विमान सुटायला लागलंय, आणि एकाच प्रवासात विमान आणि बोट दोन्ही उरकावं असं मुलाचं म्हणणं होतं. पण विमानात वजनाची मर्यादा, आणि आत्याची पिशवी. म्हणून अंबा एक्स्प्रेसच ठरली. संध्याकाळी बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं; बॅलार्ड पियर तिथून हाकेवर. बरोबरचं जे काही आहे ते त्या एका रात्रीत, बडनेरा ते कल्याण, सगळ्यांनी मिळून संपवायचं. चार दिवसांचं जेवण. म्हणजे समुद्राच्या आधीच पोटात जे व्हायचं ते होऊन जाईल, आणि मग बोट लागली तरी कोणाला वेगळी कळणार नाही.

पोहायला आमच्यात कोणालाच येत नाही. मुलांना हव्याप्र मंडळाच्या तलावावर घातलं आहे. मुलगी हात मारायला लागली, मुलगा अजून काठाच्या दांडीशी निष्ठावान आहे. आईने वडाळी तलावात एकदा पॅडल बोटीत बसून सराव करायला नकार दिला. “एकदाच भ्याचं, तं मोठ्या पान्याले भेऊ,” असं तिचं म्हणणं, आणि त्यात मला तरी काही चूक दिसत नाही. बोट लागू नये म्हणून गोळ्या, आलेपाक, आवळासुपारी, ओव्याची पुरचुंडी आणि कोणीतरी सांगितलेला लिंबाचा तुकडा असा सरंजाम एका डब्यात जमा झाला आहे. तो डबा जहाजात नेऊ देतील की नाही, यावर एजंटाला पुन्हा फोन करायचा आहे. तो हल्ली आमचा फोन दुसऱ्या-तिसऱ्या वेळी उचलतो.

सगळं ठरलं, पैसे भरले, आधार कार्डांच्या प्रती परवान्यासाठी गेल्या. आणि परवा रात्री जेवताना आईने विचारलं, “सगळेच गेल्यावर पाणी कोन भरन?”

आमच्याकडे नळ एक दिवसाआड. ज्या दिवशी येतो त्या दिवशी आधी खालची टाकी भरायची, मग मोटर लावून वरची, मग पिण्याचं वेगळं. एक वारी चुकली तर परत आल्यावर हंडे घेऊन फिरावं लागतं, आणि खाऱ्या हवेतून आलेली आठ माणसं अंघोळीला रांगेत. वडिलांचा चेहरा पडला. क्षणभर त्यांनी मी राहतो घरी, असं म्हणायची तयारी केली होती, हे माझ्या लक्षात आलं. मी उठून शेजारच्या काकांकडे गेलो. ते अंगणात आरामखुर्चीत बसून होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी बऱ्याच वेळाने मान हलवली.

“भरतो. पन मोटरचं बटन दाखवून जाजा. आन पुढच्या वर्षी आम्ही गेलो, तं तुमी भरसान. हे आत्ताच लिवून द्या.”

मी लिहून दिलं. त्यांनी तारीख टाकायला लावली.